संवादलेखनातून निर्मितीकडे कसं वळायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, माझ्याकडे फक्त बोलणं. सीन रात्री येतो, पानं सकाळी सेटवर हवीत. ऐनवेळी कलाकार आला नाही, तर त्याची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी घालायची. हात चांगला बसलाय, पण गोष्ट कुठे न्यायची यात मला कोण विचारतंय!

अमेरिकेत निदान पायऱ्या तरी ठरलेल्या आहेत: स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, असं चढत एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. तिथे शोरनर, म्हणजे मालिकेचा सर्वेसर्वा, बहुधा लेखकच असतो. कास्टिंग, बजेट, एडिटिंग सगळ्यात त्याचा शब्द. २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून तिथल्या लेखकांनी रायटर्स रूममध्ये (लेखक एकत्र बसून मालिका रचतात तिथे) किमान किती लेखक हवेत, हेही करारात आणलं. आपल्याकडे अशी शिडी मला तरी दिसत नाही.

लेखनातून क्रिएटिव्ह प्रोड्यूसर झालेलं कुणी आहे का इथे? चॅनेलकडून शिरावं की निर्मितीसंस्थेकडून? बजेट आणि शेड्यूल वाचायला कुठे शिकलात? (हे मला अजिबात जमत नाही.) आणि स्वतःची कल्पना घेऊन जाताना पहिला एपिसोड पूर्ण लिहून न्यावा, की दोन पानांत भागतं? स्क्रिप्टची नोंदणी केलेली आहे, तेवढं सोडून बाकी सगळं सांगा.