नाटकाच्या फोटोंसाठी सल्ला हवा: नवीन फुलफ्रेम बॉडी की ७०-२०० एफ २.८?

विंगेतली
नमस्कार मंडळी. मी सांगली-कोल्हापूरकडच्या हौशी संघांच्या नाटकांचे आणि कॉलेजच्या एकांकिकांचे फोटो काढते. माझ्याकडे कॅनन ८०डी हा डीएसएलआर (आतल्या आरशाचा) कॅमेरा आणि १८-१३५ व ५५-२५० मिमी या दोन झूम लेन्स आहेत. भावे नाट्यमंदिरात तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून ५५-२५० लावते. २५० ला अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक, आकडा लहान तितका प्रकाश जास्त) ५.६ च्या वर उघडत नाही. मंद प्रकाशाच्या प्रवेशात आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर १/६० सेकंदाच्या पुढे जात नाही. चेहरा कसाबसा मिळतो, पण हात पुसट येतात, आणि नाटकात हातच किती बोलतात! फ्लॅश अर्थातच नाही.

दोन लाखांच्या आसपास जमवलेत. त्यात एक तर कॅननच्या आर६ मार्क २ या फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची नुसती बॉडी बसेल, नाहीतर ईएफ ७०-२०० एफ २.८ ही लेन्स. दोन्ही एकदम शक्य नाही. दुकानदार म्हणतो, "मॅडम, बॉडी बदला, डीएसएलआर आता संपला." नाटकाचे फोटो काढणाऱ्यांनी कृपया सांगा.

जुनी_प्रकाशयोजना
ताई, डोळे झाकून लेन्स. कारण हिशेबातच आहे.

एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश; ५.६ वरून २.८ म्हणजे पूर्ण दोन स्टॉप, चौपट प्रकाश. तुमचं १/६० त्याच आयएसओला १/२५० च्या जवळ जातं, हात तिथे थांबतात. फुलफ्रेम सेन्सर तुमच्या ८०डी च्या क्रॉप (लहान) सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने साधारण अडीचपट, म्हणजे नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदारपणात) फायदा सव्वा-दीड स्टॉपचा. लेन्सपेक्षा कमीच.

आणि तो फायदासुद्धा आत्ता तुमच्या पदरात पडणार नाही. ५५-२५० ही ईएफ-एस लेन्स आहे, क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली. अडॅप्टरने आर६ मार्क २ ला लागते, पण कॅमेरा सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो. २४ मेगापिक्सेलचे ९ च्या आसपास उरतात आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपतो. १८-१३५ चंही तेच. म्हणजे दोन लाख घालून पुन्हा क्रॉप कॅमेराच हातात, वर अपर्चर ५.६ च. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं.

ईएफ ७०-२०० मात्र उद्या आर सिरीजच्या बॉडीवर अडॅप्टरने तशीच चालेल, फोकससकट. आजही ८०डी चा मधला फोकस पॉइंट २.८ च्या लेन्सवर जास्त अचूक होतो, अंधारात हे फार कामाचं.

एक सावधगिरी: आठेक मीटरवरून २०० मिमीला २.८ वर शार्प दिसणारी खोली जेमतेम वीतभर मिळते. दोन पात्रं मागेपुढे असतील तर एकच शार्प येईल. तेव्हा अपर्चर ४ पर्यंत बंद करा किंवा दोघं एका रेषेत येण्याची वाट बघा. दिग्दर्शकाने बसवलेल्या हालचाली तालमीत पाहिल्या असतील तर ही वाट बघणं सोपं जातं.

तानपुऱ्यामागे
वरचा हिशेब बरोबर आहे, तरी माझं मत थोडं वेगळं. मी मैफिली आणि नाटकं दोन्ही टिपतो. आपल्या शटरचा आवाज ही गोष्ट कुणी धरतच नाही. ८०डी वर सायलेंट मोड आहे, पण तो आवाज कमी करतो, बंद करत नाही. नटाने पॉज घेतलाय, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलंय आणि तिसऱ्या रांगेतून 'खट्क'. शेजारच्या प्रेक्षकाचा तो क्षण आपण मोडतो. मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक शटरने पूर्ण शांतता मिळते. माझ्यासाठी ते दोन स्टॉपपेक्षा मोठं आहे.

जुनी_प्रकाशयोजना
@तानपुऱ्यामागे, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बऱ्याच ठिकाणी आता एलईडी दिवे आलेत आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर त्यांचे आडवे पट्टे उमटतात. निळ्या-जांभळ्या प्रकाशात तर फोटो वायाच जातो. मग मेकॅनिकल शटरवरच यावं लागतं. शांतता हवी असेल तर रंगीत तालमीला जा. तोच प्रकाश, तेच कपडे, प्रेक्षक नाहीत, विंगेतूनही काढता येतं.

पहिली_घंटा
दोन्ही नका घेऊ! आधी ईएफ ८५ एफ १.८ घ्या. ८०डी वर ती फुलफ्रेमवरच्या १३६ मिमी सारखी दिसते. ५.६ च्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश, वजन अर्धा किलोच्या आत, आणि बजेटचा छोटासाच भाग जातो. पहिल्या-दुसऱ्या रांगेत जागा मिळत असेल तर याहून चांगला सौदा नाही.

विंगेतली
सगळ्यांचे मनापासून आभार. ५५-२५० नव्या बॉडीवर क्रॉप होते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, त्याने चित्रच बदललं. ८५ मोहक आहे, पण स्पर्धेत जागा आयोजक देतील ती, कधी दुसरी रांग तर कधी पार बाल्कनीखाली. मला झूम लागेलच. शटरच्या आवाजाचं पटलं. संघांशी बोलून रंगीत तालमीला जाण्याची सोय करते.

आता प्रश्न ७०-२०० चा. लोक आरएफकडे (मिररलेससाठीच्या लेन्सकडे) वळल्याने सेकंडहँड ईएफ बऱ्याच दिसतात. या लेन्सची आधीची आवृत्ती मार्क २ घेऊ की नवी मार्क ३? आणि बघताना काय तपासू?

जुनी_प्रकाशयोजना
मार्क २ घ्या. मार्क ३ ची काचांची रचना तीच आहे, कोटिंग सुधारलंय. समोरून दिवा आला की मार्क ३ थोडी सरस, पण किमतीतल्या फरकाइतकी नाही. उरलेल्या पैशात ती ८५ पण बसेल, पहिली_घंटा यांचा सल्ला वाया जायला नको.

तपासताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, लेन्स परत द्या. मुंबई-कोकणातून आलेली असेल तर जास्तच बारकाईने बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. झूम रिंग कुठे अडकते का, आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू झाल्यावर चित्र उडतं का, २.८ वर चारही कोपरे सारखे आहेत का, हे स्वतःच्या ८०डी वर लावूनच ठरवा. आणि आयएस तुमचा हात स्थिर करतं, नटाचा नाही. शटर १/२०० च्या खाली नेऊ नका.

तानपुऱ्यामागे
आणखी एक: वजन दीड किलो. दोन अंकी नाटकात हातावर धरवत नाही, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) सोबत ठेवा. विकत घेण्याआधी एका प्रयोगापुरती भाड्याने आणून बघा, पुण्यात मिळते. आणि मीटरिंग (कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणं) स्पॉटवर, म्हणजे एका छोट्या भागापुरतं, ठेवा. मागचा काळा पडदा मीटरला फसवतो आणि चेहरे पांढरे होतात.

विंगेतली
पुढच्या आठवड्यातल्या तालमीसाठी भाड्याची ७०-२०० सांगून ठेवली. फोटो इथेच टाकते, काळ्या पडद्यासमोरचे आधी.