हफ ट्रान्स्फॉर्म जीपीयूवर टाकला, तरी वेग का नाही?

धागादोरा: मंडळी, इचलकरंजीत मागावरच्या कापडाच्या तपासणीसाठी कॅमेरा बसवतोय. उभा धागा तुटला की कापडात बारीक सरळ रेघ पडते, ती पकडायचीय. 1920×1080 ची करडी फ्रेम, आधी कॅनी (चित्रातल्या कडा शोधायची पद्धत), मग हफ (कडांच्या बिंदूंची मतं मोजून सरळ रेघा शोधायची पद्धत). कुडात (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर, म्हणजे जीपीयूवर, प्रोग्रॅम चालवायची प्रणाली) साधा कर्नल, म्हणजे कार्डवर चालणारं फंक्शन, लिहिलाय: एका कडबिंदूला एक थ्रेड (समांतर चालणारं एक काम), तो 180 कोनांवर फिरतो आणि ग्लोबल मेमरीतल्या (कार्डची सगळ्यांना सामायिक मेमरी) तक्त्यात अ‍ॅटॉमिक अ‍ॅडने (एका खान्यात एका वेळी एकाच थ्रेडला करता येणारी बेरीज) मत टाकतो. कार्ड जीटीएक्स 1650. सीपीयूच्या तुलनेत फरक अगदीच किरकोळ. पाणी कुठे मुरतंय?

रो_थीटा: अ‍ॅटॉमिक अ‍ॅडपाशी. रेघ जितकी ठळक, तितके जास्त थ्रेड एकाच खान्यावर तुटून पडतात आणि तिथे रांग लागते. म्हणजे जे शोधायचं तेच आडवं येतंय!

उलटं करा. आधी कडबिंदूंची सलग यादी बनवा, मग एका कोनाला एक ब्लॉक, म्हणजे थ्रेडांचा एक गट. कोन ठरलेला असल्यामुळे ब्लॉकला फक्त रोची (रेघेचं मूळबिंदूपासूनचं लंब अंतर) एक ओळ लागते. तुमच्या फ्रेमचा कर्ण साधारण 2203 पिक्सेल. उणे-अधिक धरून 4407 खाने, प्रत्येकी 4 बाइट. 48 केबी शेअर्ड मेमरीत (ब्लॉकची स्वतःची छोटी, वेगवान मेमरी) आरामात मावतं. मतं तिथेच मोजा, ग्लोबलमध्ये शेवटी एकदाच उतरवा. ओपनसीव्हीचा (चित्रांवर काम करायची तयार लायब्ररी) कुडा हफही असाच चालतो.

घड्याळजी: वेळ मोजताना पहिली फ्रेम सोडा, त्यात कुडाची सुरुवातीची जुळवाजुळव धरली जाते. आणि कॅनी कुठे चालतं?

धागादोरा: सीपीयूवरच.

घड्याळजी: मग तेही कार्डवर न्या. तिथून फक्त सापडलेल्या रेघा परत आणायच्या.

रो_थीटा: आणि मुळात 180 कोन हवेत कशाला? धागा उभाच आहे ना! हफच्या 1962 च्या पेटंटात रेघ चढ आणि छेद यांनी मांडली होती, त्यात उभ्या रेघेचा चढ अनंत व्हायचा. 1972 मध्ये डुडा आणि हार्ट यांनी रो-थीटा आणला म्हणून आपलं भागतंय. थीटा हा लंबाचा कोन, म्हणून उभी रेघ 0 पाशी येते. पण 0 ते 5 अंश एवढंच घेतलंत तर दुसऱ्या बाजूला कललेल्या रेघा निसटतील, त्या 175 ते 180 मध्ये असतात. ओपनसीव्हीच्या कुडा हफला कोनांची मर्यादा देता येत नाही, त्यामुळे तुमचाच कर्नल ठेवा.

आता 1 अंशाच्या पायरीने जेमतेम दहा ब्लॉक होतील आणि 1650 वर एसएम (ब्लॉक चालवणारे गणन-संच) आहेत 14, म्हणजे काही रिकामेच बसणार. शिवाय 1 अंश म्हणजे 1080 पिक्सेल उंचीत जवळपास 19 पिक्सेलचा कल. बारीक धाग्याची मतं शेजारच्या खान्यांत सांडतात. पायरी 0.1 अंश करा. शंभरेक ब्लॉक होतील, कार्डही कामाला लागेल.