घरगुती रोटरी बोअर मशीनचा बिट १८ फुटावर अडकतोय, डिझाइनमधे चूक कुठं आहे?

मळीवाला_पलूस

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात कृष्णाकाठला आमची मळीची जमीन हाय, ऊस आणि थोडं सोयाबीन. शेजारच्या जुन्या विहिरीत डोळ्यानं दिसतं की वर पोयटा, मग चिकण माती, मधे हातभर जाड वाळूचा थर आणि साधारण ४५-५० फुटाच्या पुढं मुरूम लागतो. मोठ्या गाडीवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले हवेच्या मशीननं असल्या मातीत बोअर ढासळतं, वरपासून केसिंग (भिंत धरायचा पाइप) घालावं लागंल, म्हणून मी आणि चुलतभाऊ दोघांनी मिळून स्वतःच मशीन बनवायला घेतलं.

बनवलंय ते असं, ५ एचपीची १४४० आरपीएमची थ्री फेज मोटर, पट्ट्यावर स्पीड कमी करून रॉड ३०० आरपीएमनं फिरतोय. रॉड सव्वा इंची जीआय पाइपचे, १० फुटी, नेहमीच्या सॉकेटनं जोडलेले. बिट, म्हणजे खालचं कापायचं टोक, ६ इंची तीन पात्यांचा, पात्याला जुन्या नांगराच्या फाळाचं पोलाद वेल्ड केलंय. कापलेला माल वर यावा म्हणून रॉडच्या आतनं पाणी सोडायला १ एचपीची घरगुती मोनोब्लॉक पंप. १५ लिटरची बादली ९ सेकंदात भरती म्हणजे मिनिटाला १०० लिटर.

पहिलं १२ फूट लोण्यासारखं गेलं. वाळू लागली आणि १८ फुटावर बिट घट्ट बसला, पट्टा घसरायला लागला, जळल्याचा वास आला, अँपिअर डबल. दोघं जण वरनं लोंबकळून दाब देत होतो तरी खाली जाईना आणि वर पण येईना, शेवटी चेनपुली लावून ओढून काढला. वर आल्यावर बघितलं तर बिटच्या वरच्या बाजूला वाळूची टोपी बसलेली, हातानं खरवडून काढली. आता ७.५ एचपीची मोटर मिळतेय पण पैसे घालायच्या आधी विचारावं म्हटलं, मोटर मोठी केली तर जाईल का?


मेकॅनिकल_ताई_कराड

दादा मोटर अजिबात मोठी करू नका, आहे तीच जास्त मोठी आहे. तुम्ही वाळूच्या टोपीचं लिहिलंत तिथंच उत्तर आहे. बिट कापत होता, कापलेला माल वर येत नव्हता.

हिशोब करून बघा. ६ इंची भोकात सव्वा इंची रॉड घातला की भोवतीच्या मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ येतं साधारण १६० चौरस सेंमी. मिनिटाला १०० लिटर पाणी त्यातनं वर चढताना त्याचा वेग पडतो सेकंदाला फक्त १० सेंमी. आणि एक मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण साध्या पाण्यात सेकंदाला साधारण तेवढ्याच वेगानं खाली बसतो. म्हणजे पाणी जेवढं उचलतंय तेवढाच कण खाली पडतोय, बिटच्या डोक्यावर जाऊन बसणार नाहीतर कुठं जाणार. चिकण माती बारीक असते, पाण्यात विरघळल्यासारखी होऊन येते म्हणून १२ फूट सहज गेलं. वाळूला सेकंदाला निदान अर्धा मीटर तरी वेग पाहिजे.

तेवढ्या वेगाला ६ इंची भोकात मिनिटाला ४५० लिटरच्या आसपास पाणी लागतं. आता हे पाणी सव्वा इंची पाइपमधनं खाली ढकलायला गेलात तर पाइपच्या आत वेग सेकंदाला ७-८ मीटर होतो आणि दर मीटर लांबीला जवळपास २ मीटर हेड (पंपाचा दाब) नुसतं घर्षणात जातं, म्हणजे पंप दमणार. २ इंची पाइप घेतलात तर तेच नुकसान मीटरला पाव मीटरच्या जवळपास येतं, ६० फुटाला ५ मीटर. म्हणून रॉड २ इंची करा, आणि तुमच्याकडं ऊस भिजवायला ५ एचपीची मोनोब्लॉक असणारच, ती बोअरच्या पाण्याला लावा.

खरं सांगायचं तर तुम्ही ताकद उलटीकडं लावलीत, मोठी मोटर फिरवायला आणि छोटी पाण्याला. फिरवायला ३ एचपी पुष्कळ होते फक्त गिअर पाहिजे. तुमचे ५ एचपी ३०० आरपीएमला देतात साधारण ११८ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि ३ एचपी १:२० च्या वर्म गिअरबॉक्समधनं ७२ आरपीएमला, २५ टक्के गिअरबॉक्स खातो धरलं तरी देतात २२० च्या आसपास. कमी एचपीत जवळपास दुप्पट पीळ. नांगरताना ट्रॅक्टर लो गिअरमधे घालतो तसंच हे. ६ इंची पात्याच्या बिटला ६० ते १०० आरपीएम भरपूर झालं.

अजून एक, लोंबकळून दाब देऊ नका, एक तर माणूस जाईल आणि दुसरं म्हणजे लांब बारीक रॉड दाबाखाली वाकतो आणि भोक तिरकं जातं. बिटच्या लगेच वर ४ इंची जाड रॉड बसवा, मधे ४० मिमीचं भोक मारलेला, ५ फूट लांब. त्याचं वजन ७५-८० किलोच्या आसपास भरतं. दाब त्याच्या वजनानं येऊ द्या आणि वरचे रॉड ताणलेलेच राहू देत, ओळंब्यासारखं सरळ जाईल.


लेथवाला_कुपवाड

ताईंचा हिशोब बरोबर हाय. मी कामाच्या बाजूनं सांगतो, दोनतीन अशी मशीनं आमच्या लेथवर झाल्यात.

पहिलं आटे. जीआय पाइपचा आटा पाडला की सव्वातीन मिमीच्या पाइपची जाडी आट्याच्या बुडाशी निम्म्यावर येते. पाइप कधी मधे तुटत नाही, आट्यातच तुटतो, आणि तुटतो तो पण खाली असताना. म्हणून पाइपच्या दोन्ही टोकाला ईएन-८ पोलादाचे जाड तुकडे वेल्ड करा, एकाला आत एकाला बाहेर, मोठ्या पिचचा उतरता आटा पाडा. दोन-अडीच फेऱ्यात सैल होतो आणि दोन-अडीच फेऱ्यात बसतो, १० फुटाला एकदा जोडायचं असतं त्यामुळं वेळ वाचतो हा फायदा वेगळा. वेल्डिंगच्या आधी दोन्ही तुकडे लेथवर एका रेषेत आहेत का बघून घ्या, नाहीतर रॉड फिरताना नाचतो.

दुसरं स्विव्हल, म्हणजे फिरत्या रॉडमधे पाणी सोडायचा सांधा, सगळ्या मशीनचा जीव तिथं असतो आणि सगळेजण त्यालाच सगळ्यात कमी पैसे घालतात. वरनं पाणी आत जातं ते बॉडी उभी राहते आणि आतली पोकळ शाफ्ट फिरते. सगळ्या रॉडचं वजन तिच्यावर म्हणून टेपर रोलर बेअरिंग टाका. पाण्याच्या बाजूला नुसता ऑइल सील टाकला तर गाळाचं पाणी तासाभरात त्याची वाट लावतं, तिथं ग्लँडची दोरी (पाणी अडवायचं पॅकिंग) भरा, वरनं आवळता येईल अशी, आणि शाफ्टवर स्टेनलेसचा बुश बसवा म्हणजे झिजला तर बुश बदलायचा, शाफ्ट नाही. आणि हे विसरू नका, दोरी आणि बेअरिंग यांच्या मधे बॉडीला ६ मिमीचं भोक मारून ठेवा. दोरी गळायला लागली की पाणी त्या भोकातनं बाहेर ठिबकतं, तुम्हाला दिसतं, बेअरिंगमधे जात नाही. ठिबकलं की नट पाव फेरी आवळायचा.

आता माझ्यावर बेतलेली एक गोष्ट सांगतो म्हणजे तुमच्यावर येणार नाही. बोअर ४० फुटावर होतं, दुपारी लाइट गेली, दुरुस्ती झाली, संध्याकाळी आली. आम्ही आपलं बटन दाबलं. फेज बदलून आले होते, मोटर उलटी फिरली, आणि तीन रॉड बिटासकट एका झटक्यात सुटून खाली. वरचा गिअरबॉक्स एकदम हलका फिरायला लागला तेव्हा पोटात गोळा आला. मग उतरता टॅप बनवला, चांगला हार्डनिंग केलेला, तो रॉडला लावून खाली सोडला आणि खालच्या पाइपच्या तोंडात आटे पाडत बसवून ओढला. दीड दिवस गेला. तेव्हापासून पॅनलमधे फेज बघणारा रिले असल्याशिवाय मी मशीन गिऱ्हाइकाला देत नाही, आणि लाइट जाऊन आली की रॉड न जोडता आधी मोटर एकदा फिरवून दिशा बघायची. ओल्या चिखलात उभं राहून काम असतं म्हणून अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पण पाहिजेच पाहिजे.


मळीवाला_पलूस

ताई आणि लेथवाले भाऊ, मनापासून आभार. डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन शंका. पाण्यात घालायची बेंटोनाइट ही फुगणाऱ्या मातीची पूड घ्यावी लागंल का, आणि मोटरचा उलटा पीळ मास्टवर (मशीनच्या उभ्या सांगाड्यावर) कसा घ्यायचा? सध्या आम्ही दोघं मोटरच्या फ्रेमचं हँडल हातानं धरतोय.


मेकॅनिकल_ताई_कराड

हँडल हातानं धरणं आजच बंद करा. २२० न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या हँडलवर ४४-४५ किलोचा धक्का, आणि बिट अडकला की मोटर क्षणभर त्याच्या दुप्पट मारते, मनगट मोडतं. मास्टच्या दोन्ही बाजूला सी चॅनल उभे करा, मोटरची फ्रेम त्यात बेअरिंगच्या चाकावर वरखाली सरकू दे, पीळ चॅनल घेतील. मोटर ते गिअरबॉक्स मधे पट्टाच ठेवा, कपलिंग नको, अडकलं की पट्टा घसरतो आणि गिअर वाचतो. तुमचा पट्टा घसरला म्हणूनच रॉड शाबूत राहिला.

बेंटोनाइट वाळूच्या थरासाठी घ्याच. १०० लिटर पाण्याला ५ किलोच्या आसपास, आदल्या रात्री भिजवून ठेवा. आपल्या काळ्या मातीत पण बेंटोनाइटमधलाच मॉन्टमोरिलोनाइट हा फुगणारा घटक असतो, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगते ती त्याच्यामुळंच, म्हणून वरच्या थरातनं जाताना गाळ आपोआप घट्ट होत जातो. हा गाळ, म्हणजे बेंटोनाइटचं घट्ट पाणी, दोन कामं करतो, कण तरंगवतो आणि भिंतीला लेप देऊन बोअर धरून ठेवतो. त्यासाठी बोअर काठोकाठ भरलेलं पाहिजे, जेवायला गेलात तरी. दोन खड्डे करा, पहिल्यात वाळू बसू दे, दुसऱ्यातनं पंप ओढू दे. आणि रॉड जोडायच्या आधी बिट फूटभर उचलून नुसतं पाणी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, माल बाहेर आला की मगच पंप बंद.


गाडीवर_१४_वर्षं_जत

मी हवेच्या गाडीवर काम करतो, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा आमचा पट्टा. हे मशीन मातीत आणि सैल मुरमात चांगलं चालंल, पण काळा पाषाण लागला की थांबा, तिथं हट्ट नको. आमच्याकडं १० फुटावरच पाषाण लागतो म्हणून सांगतो. पातं पाषाणाला खरवडत नाही, नुसतं घासून गुळगुळीत होतं. तीन चाकाचा बिट टाकून नुसतं फिरवून फोडायचा म्हटला तर त्याच्यावर टनांनी वजन पाहिजे, ६ इंचीला कित्येक टन, तुमचा मास्टच वर उचलला जाईल. आमच्या गाडीत रॉड फिरतो फक्त मिनिटाला २०-३० फेऱ्या, फोडायचं काम खालचा हॅमर करतो, हवेवर मिनिटाला हजाराच्या वर ठोके, टंगस्टन कार्बाइडच्या बटणांनी. फिरवायचं ते एवढ्यासाठीच की बटण दर ठोक्याला नवीन जागेवर पडावं.

खाली काय लागलं ते खड्ड्यात येणाऱ्या मालावरनं वाचायला शिका. चाळणी धरा पाइपच्या तोंडाशी. माती विटकरी लाल झाली तर दोन पाषाणांच्या मधला गेरूचा थर, तो फुगतो आणि ढासळतो. पांढरे चमकणारे खडे आले तर मांजऱ्या पाषाण, तिथं पाण्याची आशा असती. आवाजावरनं पण कळतं, वाळूत करकर, मुरमात खडखड, आणि पाषाणावर बिट नुसता कुईं करतो, रॉड थरथरतो. तो आवाज आला की बंद करून केसिंग टाका.

आणि जागा ठरवताना गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर ५०० मीटरच्या आत नाही ना ते आधी बघा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ते पण हाय आणि ६० मीटरच्या खोलीची मर्यादा पण हाय. तुमचं ६० फूटच हाय म्हणा.


मळीवाला_पलूस

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. ३ एचपी आणि वर्म गिअरबॉक्स जुना मिळाला, २ इंची रॉड आणि स्विव्हल लेथवाल्या भाऊंनी सांगितलं तसं बनवून घेतलं, भोक मारायला सांगितलं होतं ते मारलं आणि पहिल्याच दिवशी त्यातनं पाणी ठिबकलं, नट आवळला, बंद. उसाची ५ एचपी मोनोब्लॉक पाण्याला.

काल सकाळी ८ ला चालू केलं. जुन्या जागेपासनं ६ फूट सरकून. १८ फुटाला आलो तेव्हा आम्ही दोघं पण गप्प उभे होतो, चुलतभाऊ चाळणी धरून बसलेला. करकर आवाज आला आणि चाळणीत मूठमूठ वाळू यायला लागली, जाडी, पांढरट, बाहेर येतेय म्हटल्यावर चुलतभावानं नुसतं वर बघितलं. अँपिअरचा काटा हलला नाही. दुपारी ४ पर्यंत ५२ फूट, मुरूम लागला, ५५ ला तो कुईं आवाज आला आणि जत च्या भाऊंचं ऐकून थांबलो.

रात्रीच ४ इंची केसिंग घातली, वाळूच्या थरासमोर आणि मुरमात करवतीनं खाचा पाडून, भोवती ज्वारीएवढी खडी ओतली. वरचं १५ फूट चिकण मातीचे गोळे ठासून बंद केलंय म्हणजे शेतातलं खताचं पाणी सरळ खाली उतरणार नाही. अडकलं होतं ते जुनं भोक पण तळापासनं मातीनं भरून ठोकून घेतलं, शेजारची पोरं तिकडनं शाळेला जातात.

आज सकाळपासनं साधं पाणी मारून बेंटोनाइट धुतोय. पाणी अजून चहासारखं येतंय पण दुपारपेक्षा आता पातळ झालंय, आणि पातळी २२ फुटावर येऊन थांबती. ताई, किती वेळ उपसा करावा, आणि खारं आहे का बघायला नमुना आत्ताच घेऊ की निवळल्यावर?


मेकॅनिकल_ताई_कराड

फार बरं वाटलं वाचून दादा! निवळल्यावरच नमुना घ्या, आत्ता घेतलात तर तुमच्याच गाळाचा रिपोर्ट येईल. उपसा सलग करू नका, दहा मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद असं करा, पाणी खाचांमधनं आतबाहेर झालं की बारीक वाळू निघून येते. बादलीत पाणी भरून ठेवा आणि तळाला बसणारी वाळू बघत जा, चिमूटभर पण बसायची थांबली की मग सबमर्सिबल उतरवा, आधी नाही, नाहीतर वाळू इंपेलर (पंपाचा पंखा) खाऊन टाकेल. कृष्णाकाठला काही ठिकाणी पाणी खारं लागतं म्हणून ऊसाला लावायच्या आधी ईसी (पाण्यातला खारेपणा दाखवणारी विद्युत वाहकता) नक्की तपासून घ्या. आणि पंप बसेपर्यंत केसिंगला टोपण, आज रात्रीसुद्धा.