छोट्या शिडाच्या बोटीवर डिंगी न्यायची कशी? माझं मत: ओढत नेऊ नका

दर्यातला नवखा:
बोट २६ फुटी. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, फुगवायची, २.३ मीटरची, मागे अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन. जानेवारीत मुंबईहून मुरूडला निघालो तेव्हा ती मागे बांधून नेली. बंदरात गुणी पोरासारखी येत होती. खांदेरी बेट ओलांडलं, दुपारचा वायव्येचा वारा पाठीवर आला आणि ती लाटेवरून घसरत येऊन पिछाडीला धडका द्यायला लागली. दोरी लांब सोडली, तर आडवी झाली नि पालथी पडली. इंजिन पाण्यात, वल्ही गायब. सरळ करायला तिघांना पाऊण तास लागला. तेव्हापासून ठरलंय: खांदेरीपलीकडे हवा काढा, गुंडाळा, केबिनमध्ये टाका.

रेवदंडेकर:
दादा, चूक डिंगीची नाही. इंजिन लावून ओढलीत, तिथेच घोळ झाला. इंजिन काढून कठड्याला अडकवायचं, वल्ही आत घ्यायची. पिछाडीच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या बांधल्या की डिंगी भरकटत नाही. मी पंधरा वर्षं अशीच ओढतोय. मुरूडला अंधारात, डुलत्या डेकवर पायपंप कोण मारणार? आणि रात्री नांगर घसरला, दुसरा टाकायला न्यायचा, तर डिंगी तयार हवी ना!

दर्यातला नवखा:
इंजिनाचं मान्य, कान पकडले. पण परतताना तोच वारा तोंडावर. आधीच बोट रडतखडत चढते, त्यात हे लोढणं. डोलीच्या (मासेमारीच्या जाळ्यांच्या) खुंटांमधून वाट काढताना गिअर मागे टाकला की दोरी बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात गेलीच म्हणून समजा.

रेवदंडेकर:
तरंगणारी दोरी वापरा, पॉलिप्रॉपिलीनची. नायलॉन बुडतो, म्हणून पंख्यात जातो. आणि मागे घेण्याआधी दोरी आखडायला एक माणूस ठेवायचा.

खाडीवाली:
दोघंही टोकाला गेलात. अर्धी हवा काढून डोलकाठीच्या पुढे पालथी बांधा. पोचल्यावर निम्मंच फुगवायचं. जोशुआ स्लोकम १८९५ साली 'स्प्रे' घेऊन एकटा जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा अख्खी डोरी (सपाट तळाची छोटी होडी) डेकवर मावत नव्हती. त्याने ती आडवी कापून अर्धीच घेतली, कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकल्या. त्यात तो कपडेही धुवायचा. आणि त्याची बोट ३६ फुटांच्या वर होती बरं का!

मतलई:
पिछाडीला डेव्हिट (होडी उचलून टांगायचे लोखंडी हात) लावून टांगून टाका की. एवढा काथ्याकूट कशाला?

खाडीवाली:
२६ फुटीवर? इंजिनासकट चाळीसेक किलो शेवटच्या टोकाला लटकवलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलते. मागून एक लाट आत शिरली तर चाळीसाचे चारशे होतात.

रेवदंडेकर:
ताई, पालथी डिंगी पुढे ठेवली की नांगराकडे जायला वाट राहत नाही. टॅक मारताना (वाऱ्यातून बोट वळवताना) जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरी दर वेळी तिच्यात अडकते. पुढचा हॅच (केबिनमधून डेकवर यायची झडप) बंद होतो तो वेगळाच. आत आग लागली तर बाहेर पडायचं कुठून?

दर्यातला नवखा:
काल टेप लावून बघितली. डोलकाठी ते नांगराची पेटी, १ मीटर ९०. डिंगीच्या पुढच्या नळीतली हवा काढली तर डिंगी बसते, पण हॅच चार बोटंच उघडतो. बायको म्हणते, उघडला तरी तू त्यातून मावणार आहेस थोडाच!