सीओओएचमध्ये ओएच आहे, मग ते अल्कोहोल का नाही?

जांबोटी_रोड
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात फर्स्ट पीयूसी (अकरावी) सायन्स. ऑर्गॅनिक केमिस्ट्री सुरू झालंय. फंक्शनल ग्रुपचा, म्हणजे रेणूचं वागणं ठरवणाऱ्या अणूंच्या गटांचा, तक्ता पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण नवीन स्ट्रक्चर समोर आलं की डोकं बंद. सीओओएचमध्ये ओएच दिसतो, मग त्याला अल्कोहोल का म्हणायचं नाही? सीओ पण आहे, मग किटोन का नाही? आणि सी२एच६ओ लिहून 'ग्रुप ओळखा' म्हटलं तर ओळखायचं कशावरून? वर्गात विचारायचं तर इंग्लिशमध्ये वाक्य जुळवेपर्यंत तास संपतो.

सीईटी_बॅच
तक्ता पाठ आहे ना, मग झालं की. सीईटीला तेवढं पुरतं. जास्त खोलात गेलीस तर फिजिक्स राहील.

मळीवाले_काका
तक्ता राहू दे पाठ, पण नुसत्या त्याच्यावर सेकंड पीयूसी निघणार नाही. तिथं अख्खे धडे याच ग्रुपांचे आहेत.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, लॅबला गेली. तिथं रोजची गाठ दोन कार्बनवाल्यांशी, म्हणून तेच धरून सांगतो. इथेनमध्ये नुसते कार्बन-हायड्रोजन. ते उणे ८९ अंशाला उकळतं, म्हणजे आपल्याकडे कायम वायूच. त्यातला एक हायड्रोजन काढून ओएच लाव, झालं इथेनॉल. हे ७८ अंशाला उकळतं. मळी आंबवून आम्ही काढायचो ते हेच. इथेनॉलचे दोन हायड्रोजन गेले की असिटाल्डिहाइड. ते २० अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे स्पिरिट उकळून वेगळं करायच्या कॉलमच्या वरच्या अंगाला आधी तेच पळतं, आणि वास असा की नाकात झोंबतो. त्यात आणखी एक ऑक्सिजन शिरला की असिटिक आम्ल, ११८ अंश. वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या मळीत, नको ते जंतू वाढले की हे आम्ल वाढतं आणि स्पिरिटचा उतारा घटतो. कार्बन सगळीकडे दोनच आहेत बघ. बदलला तो ग्रुप, आणि त्याच्याबरोबर सगळं वागणं बदललं.

शुद्ध असिटिक आम्ल तर १६.६ अंशालाच गोठतं. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुला सांगायला नको. सकाळी लॅबचं कुलूप काढावं तर बाटलीत काचेसारखे खडे धरलेले. मग झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी करायची, पातळ झालं की मगच पिपेट हातात घ्यायचं.

आता तुझा प्रश्न. सीओ दिसला की लगेच नाव देऊ नकोस, त्या कार्बनच्या शेजारी कोण आहे ते बघ. हायड्रोजन असेल तर अल्डिहाइड. दोन्हीकडे कार्बन असतील तर किटोन. ओएच असेल तर आम्ल. ओ आणि त्याच्यापुढे कार्बन असेल तर एस्टर, नायट्रोजन असेल तर अमाइड. सीओ आणि ओएच एकाच कार्बनवर आले की दोघांचा मिळून एकच ग्रुप होतो, कारण ओएचचा स्वभावच पालटतो. त्याचा हायड्रोजन सुटला तर मागे राहिलेला ऋण भार दोन ऑक्सिजन वाटून घेतात, म्हणून तो सहज सुटतो. इथेनॉलमध्ये तो भार एकट्या ऑक्सिजनच्या गळ्यात पडतो. घरी करून बघ: खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं तर फसफसतं. इथेनॉल ओतलं तर काही होत नाही.

सी२एच६ओवरून ग्रुप ओळखता येतच नाही. ऑक्सिजन टोकाला हायड्रोजन धरून बसला तर इथेनॉल. दोन कार्बनच्या मधे बसला तर डायमिथाइल इथर, उणे २४ अंशाला उकळणारा वायू. इथेनॉलचे रेणू ओएचमुळे हायड्रोजन बंधानं एकमेकांना धरून ठेवतात. इथरमध्ये तो ओएचच नाही. म्हणून पेपरात स्ट्रक्चर दिलं नसेल तर आधी ते मागायचं.

जांबोटी_रोड
काका, आता डोक्यात शिरलं. एक विचारू? आमच्याकडे काजू फोडायला बायका बसतात, टरफलाच्या तेलानं बोटांची कातडी सोलते. आई आधी हाताला खोबरेल लावते. त्या तेलात कुठला ग्रुप?

मळीवाले_काका
विचारलंस ते बरं केलंस. कच्च्या टरफलाच्या तेलात मुख्य अॅनाकार्डिक आम्ल. बेंझिनचं कडं (सहा कार्बनचं), त्याच्यावर ओएच, लगेच शेजारच्या कार्बनवर सीओओएच, आणि त्याच्या पलीकडे पंधरा कार्बनची शेपटी. ओएच थेट कड्यावर आहे म्हणून त्याला फिनॉल म्हणायचं. तेल तापवलं की सीओओएच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि कार्डनॉल उरतं. बिब्बा काजूचाच भाऊबंद. त्याच्या तेलात कड्यावर दोन ओएच शेजारी-शेजारी असतात, आणि तो अंगावर किती उततो ते गावाकडच्या कुणालाही विचार. आईला म्हणावं, खोबरेल ठीक आहे, पण हातमोजे घाल.

निपाणीकर
आमच्या तंबाखूचं पण सांगतो. निकोटिनमध्ये दोन नायट्रोजन, दोन्ही कड्यांत बसलेले. त्यातला एक साध्या अमाइनसारखा (शेजारी सीओ नसलेल्या नायट्रोजनच्या ग्रुपसारखा) वागतो, म्हणजे आम्लारी. पानात ते आम्लांबरोबर क्षार होऊन असतं. चुना मळला की निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातून लवकर भिनतं. तंबाखू-चुना मळणाऱ्या आमच्या आज्जाला अमाइन शब्द माहीत नव्हता, पण चुना किती लावायचा ते पक्कं माहीत होतं. (खाऊ नका, हे वेगळं सांगत नाही.)

मळीवाले_काका
झकास उदाहरण. पोरी, आता पॅरासिटामॉलचं स्ट्रक्चर काढ आणि ग्रुप सांग.

जांबोटी_रोड
कड्यावर ओएच, म्हणजे फिनॉल. समोरच्या टोकाला एनएच आहे, पण त्याला लागूनच सीओ आहे, म्हणून अमाइन नाही, अमाइड. बरोबर काय?

मळीवाले_काका
बरोबर. आता अॅस्पिरिन घे. सीओओएच लगेच दिसेल, दुसरा शोधून सांग. सीईटीवाल्या भावानं पण प्रयत्न करायला हरकत नाही.