देणगी रोपांना मिळते, नियम बदलायच्या कामाला का नाही?

श्रीवर्धनकर: हवामानबदलाच्या नावाने कोकणात जो सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा, नि देणग्यांचा पैसा येतो तो बहुतेक रोपं, सोलर दिवे, किनारा सफाई यातच जातो. वाईट नाहीच ते. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्याकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि फळबागेची भरपाई ठरली हेक्टरी 50 हजार, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये! इथे वाडी असते पाच-दहा गुंठ्यांची, सातबाऱ्यावर सगळ्या भाऊबंदांची नावं, आणि नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं. लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे झाडामागे नारळाला 250 नि सुपारीला 50 असा दर झाला. तोही कमीच, पडलेलं झाड तोडून बाजूला करायची मजुरी सुटत नाही त्यात. असले नियम बदलून घेणं हेच खरं काम, आणि दानशूर लोकांनी वकील, नकाशे, पंचनाम्यांचा हिशोब ठेवणारी पोरं यांना पैसे द्यावेत असं माझं मत.

दर्यावर्दी: नाही पटत. ती ओरड कोणाच्या देणगीवर झाली? लोकांनीच केली ना. बाहेरचा पैसा आला की पहिला प्रश्न येतो, तुम्हाला पुरवतं कोण. 2023 ला बारसूत रिफायनरीच्या विरोधात गावच्या बायका भर उन्हात सड्यावर बसल्या होत्या तरी बाहेरची माणसं आहेत हा आरोप झालाच. आणि परदेशी निधी म्हणाल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, 2020 ला झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने तो दुसरीला द्यायलाच बंदी आहे, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली, म्हणजे मोठ्या संस्थेकडून गावातल्या छोट्या संस्थेला मिळायची वाट तिथेच बंद. वर्गणी काढा, गणपतीला निघते तशी.

बंदरावरची: दादा, गणपती वर्षातून एकदा येतात, सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावर बांधकाम कुठवर चालेल त्या नियमांचं, काम वर्षानुवर्षं चालतं. 2019 च्या अधिसूचनेत चौरस किलोमीटरला 2161 च्या वर वस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा 200 मीटरचा 50 केला. आता आमची जाळी सुकवायची, होड्या ओढून ठेवायची, सोडे वाळवायची जागा किनारा आराखड्यात दिसलीच पाहिजे, नकाशात नाही ती जागा उद्या आमची म्हणून कोण मानणार? ती मोजायला जीपीएस घेऊन फिरावं लागतं, म्हाताऱ्यांना विचारून हद्दी लावाव्या लागतात, हरकती लिहाव्या लागतात, आणि तेवढे दिवस पोरगा होडीवर गेला नाही तर घरात चूल कशावर पेटणार ते सांगा.

श्रीवर्धनकर: हेच म्हणतोय मी. फक्त सीएसआरचं अवघड आहे खरं. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा 2 टक्के भाग द्यावा लागतो, पण जिला किनाऱ्यावर जेटी बांधायची आहे ती सीआरझेडवर भांडायला पैसे कशाला देईल? म्हणून मुंबईतल्या चाकरमान्यांनी द्यावे, देवळाच्या जीर्णोद्धाराला देतात तसेच.

दर्यावर्दी: चाकरमान्यांचं चालेल. पण पैन् पैचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवायचा, संस्थेच्या ऑफिसात नाही. तेवढं नसेल तर माझा विरोध कायम.

बंदरावरची: वाचा की, आम्हाला हवंच आहे ते. फक्त सभा सकाळची ठेवू नका, तेव्हा आम्ही सगळ्या मासळी घेऊन बाजारात असतो.