ती परवानगीची खिडकी बंद करायला लोकांना सांगू नका

कुडाळ_दुरुस्ती:
काल इथे एकाने सल्ला दिला: "नवीन कॉम्प्युटर आला की पहिलं काम, यूएसीचा स्लायडर तळाला ओढा. दर वेळी 'येस' दाबण्यात वेळ जातो, सुरक्षा वगैरे काही मिळत नाही." यूएसी म्हणजे 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?' असं विचारणारी विंडोजची खिडकी; स्लायडर तळाला नेला की ती विचारायचीच बंद होते. त्या सल्ल्याखाली अंगठ्यांची रांग लागली. अशी मशीन शेवटी माझ्या टेबलावर येतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

ॲडमिन, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या, खात्याने लॉगिन केलं तरी विंडोज तुमचं रोजचं काम साध्या अधिकारांवरच चालवतं. पूर्ण अधिकार बाजूला ठेवलेले असतात, 'येस' दाबलं तरच ते त्या एका प्रोग्रॅमला मिळतात. स्लायडर तळाला नेला की मागेल त्याला ते न विचारता मिळतात. पेनड्राईव्हवरून आलेली फाईल असो की 'बिल.पीडीएफ' असं नाव लावलेली एक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाईल, असो, तुम्हाला कळणारही नाही. स्क्रीन काळवंडते त्याचाही लोकांना राग. पण त्या वेळी बाकीच्या प्रोग्रॅमना त्या खिडकीपर्यंत पोचता येऊ नये, तुमच्या वतीने कोणी परस्पर 'येस' दाबू नये, म्हणूनच ती काळवंडते.

माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. सेटअपमध्ये तयार होणारं पहिलं खातं ॲडमिनचं असतं. ते बाजूला ठेवा आणि रोजच्या कामाला वेगळं स्टँडर्ड, म्हणजे साध्या अधिकारांचं, खातं करा. मग नुसतं 'येस' चालत नाही, पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड टाईप करताना माणूस निदान वर लिहिलेलं वाचतो.

देवगड_बागायत:
तो सल्ला माझा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी या आमच्याकडे. वाशीची गाडी दारात उभी, पेट्यांची बिलं निघायची आहेत, आणि बिलाचा प्रोग्रॅम उघडला की ही खिडकी. बिलं काढणाऱ्या पोराला स्टँडर्ड खातं दिलं तर पासवर्ड माझ्याकडे, मी बागेत, बागेत रेंज नाही. गाडी माझ्यासाठी थांबत नाही. विंडोज एक्सपीच्या काळापासून मी पूर्ण ॲडमिनवर काम करतोय, व्हायरस आला नाही.

कुडाळ_दुरुस्ती:
एक्सपीत सगळेच ॲडमिनवर बसायचे, त्याचे परिणाम बघूनच 2007 साली पुढच्या विंडोजमध्ये, व्हिस्टात, ही खिडकी आली. तुमचा आंबा वेळेत जायला हवा, त्याबद्दल वादच नाही. पण दोष त्या प्रोग्रॅमचा आहे. तो आपला डेटा 'प्रोग्रॅम फाईल्स'मध्ये स्वतःच्याच फोल्डरात लिहितो, तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. मग कोणीतरी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'वर टिक करून जातं. ती टिक काढा आणि त्या एका फोल्डरवर यूजर्स ग्रुपला, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या वापरकर्त्यांना, 'मॉडिफाय'चा (बदल करायचा) अधिकार द्या. काम एकदाच करायचं. एका फोल्डरसाठी अख्खं मशीन मोकळं सोडायची गरज नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्यानेच आत ॲडमिनची सक्ती करून ठेवली असेल तर मात्र नवी आवृत्ती मागा. पैसे भरता ना त्याला?

रत्नागिरी_सिस्टीम:
टिक काढण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, नाहीतर 'बिलं गायब' म्हणून ओरड होते. जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम साध्या अधिकारांवर चालले की विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरात वळवतं. पोराच्या खात्यातली बिलं पोरालाच दिसतात, बापाला जुनीच फाईल दिसते. आधी फोल्डरला अधिकार द्या, मग टिक काढा.

आता मूळ मुद्दा. यूएसीची एवढी आरती नको. मायक्रोसॉफ्टच त्याला सुरक्षेची सीमा, म्हणजे ओलांडताच येऊ नये अशी भिंत, म्हणत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आला तो नेटवर्कमधल्या भोकातून, त्याने कोणाला 'येस' विचारलं नाही. आणि रॅन्समवेअरला तुमचे फोटो, तुमच्या एक्सेल कुलूपबंद करायला ॲडमिन लागतच नाही. तुम्हाला जे उघडता येतं ते त्यालाही उघडता येतं.

कुडाळ_दुरुस्ती:
फायलींबद्दलचं मान्य. पण त्या परत मिळवायला ज्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, असतात, त्या पुसायला ॲडमिन लागतो. घरातल्या दुसऱ्याच्या खात्यातल्या फायलींना हात लावायलाही लागतो. आणि सीमा नाही म्हणता ते ॲडमिन खात्यातल्या 'येस'बद्दल. म्हणूनच तर वेगळं स्टँडर्ड खातं करा म्हणतोय.

वेंगुर्ला_शिक्षिका:
स्टँडर्ड खातं, स्टँडर्ड खातं. पासवर्ड कोणाकडे, ते कोणीच बोलत नाही.

आमच्या घरातला कॉम्प्युटर दिरांनी गणपतीत आणला. ॲडमिन खातं स्वतःच्या नावाने केलं, आम्हाला स्टँडर्ड दिलं, आणि विसर्जन करून मुंबईला गेले. प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) टाकायला पासवर्ड हवा. फोन केला तर ते लोकलमध्ये, नाहीतर मीटिंगमध्ये. मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म पावसात भिजत बाजारात जाऊन छापले, घरात प्रिंटर असताना. मे महिन्यात घर शाकारून घेतो आम्ही, वीजबिल भरतो आम्ही, सासूबाईंना डॉक्टरकडे नेतो आम्ही, आणि 'येस' म्हणायचा हक्क मुंबईला?

चाकरमानी_डोंबिवली:
दुसरी बाजूही ऐका. पैसे आम्ही घालतो. आईवडील गावी एकटे, त्यांना 'बँकेतून बोलतोय' म्हणून फोन येतात आणि स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात. त्यांच्या हातात ॲडमिन पासवर्ड दिला तर खातं रिकामं व्हायला वेळ लागणार नाही. मी मुद्दाम दिलेला नाही आणि देणारही नाही.

रत्नागिरी_सिस्टीम:
तुमची काळजी खरी, उपाय चुकीचा. तसली बरीच ॲप इन्स्टॉल न करता, स्टँडर्ड खात्यावरही चालतात. बँकेचे पैसे ब्राउझरमधून जातात, तिथे ॲडमिनचा संबंध नाही. पासवर्ड डोंबिवलीत ठेवून यातलं काहीच थांबत नाही.

मालवण_बंदर:
पैशे घातलंस म्हणान घराची चावी खिशात घालून डोंबिवलेक नेतलंस काय? वयनी हयसर ऱ्हवता, कॉम्प्युटर ती वापरता, तर पासवर्ड तिका होयो. माका त्या स्लायडराचा काय पडलेला नाय.

चाकरमानी_डोंबिवली:
मी माझ्या आईवडिलांबद्दल लिहिलं, त्या बाईंच्या दिराबद्दल नाही. आणि घरावरून बोलायचं तर सातबाऱ्यावर आमचीही नावं आहेत.

वेंगुर्ला_शिक्षिका:
आलाच का सातबारा? नाव आहे, कोणी काढलेलं नाही. पण कंपाउंड पडलं की उभं कोण करतं, माडाचे नारळ कोण पाडून घेतं? फोनवर "जरा बघून घे गं" म्हणता येतं, तेव्हा आमच्यावर विश्वास असतो. मी वर्गातल्या मुलांना याच विंडोजवर शिकवते. कुठली खिडकी खरी, कुठे 'पब्लिशर अननोन' लिहिलंय, हे मला वाचता येतं. मुंबईत बसून फोनवर पासवर्ड सांगणारा माणूस ती खिडकी बघतसुद्धा नाही. मग सुरक्षित कोण?

कुडाळ_दुरुस्ती:
विषय लांब गेलाय, पण ताईंचा शेवटचा प्रश्न मला पटतो. परवानगी देणारा माणूस स्क्रीनसमोर असायला हवा, नाहीतर त्या खिडकीला अर्थ नाही. माझ्या गिऱ्हाइकांकडे मी दोन ॲडमिन खाती करतो, एक घरात राहणाऱ्याचं आणि एक राखीव. रोज वापरायचं एकही नाही. राखीव पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवायला सांगतो. बाहेरगावी असलेला एकुलता एक ॲडमिन फोन हरवून बसला, पासवर्ड विसरला की मशीन पुसायलाच माझ्याकडे येतं, आणि पोरांचे फोटो जातात.

चाकरमानी_डोंबिवली:
वडिलांना पासवर्ड देणार नाही, यावर मी ठाम आहे. बहीण सावंतवाडीत असते. तिच्या नावाने दुसरं खातं करता येईल. गणपतीत आलो की बघतो.

देवगड_बागायत:
फोल्डरला अधिकार देऊन टिक काढली. खिडकी येत नाही, बिलं पोराच्या खात्यातून निघाली. स्लायडर वर नेलाय. पण मोसमात याच्यामुळे एक जरी गाडी चुकली तर परत खाली आणणार, तेव्हा मला शिकवायला येऊ नका.

वेंगुर्ला_शिक्षिका:
गणपतीपर्यंत थांबायला मला वेळ नाही. हा धागा दिरांना पाठवला होता. रविवारी फोनवर पासवर्ड सांगतो म्हणालेत, नंतर तो बदलणार आहेत, बदलू देत. तेवढ्यात माझं खातं कसं करायचं ते सांगा.

कुडाळ_दुरुस्ती:
आधी त्यांच्या ॲडमिन खात्याने लॉगिन करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथे नवीन खातं. एक लक्षात ठेवा, नवीन खातं आपोआप स्टँडर्डच होतं. 'चेंज अकाउंट टाइप'मध्ये जाऊन त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, लगेच त्या खात्याने लॉगिन करून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून बघा, आणि ते झाल्याशिवाय दिरांना फोन ठेवू देऊ नका.